दगडाचे कुसळ



बीड जिल्ह्यातल्या एखाद्या वाडीतला पत्र्याचा वर्ग डोळ्यांपुढे आणा. उन्हाळ्यातली सकाळची शाळा आहे. पत्र्याला एक भोक पडले आहे आणि त्यातून उन्हाचा कवडसा थेट जमिनीवर उतरला आहे. त्या कवडशात धुळीचे कण तरंगताना दिसतात. कवडशाच्या बाहेरची हवा मात्र अगदी स्वच्छ वाटते. पण तुम्हाला ठाऊक आहे, की धूळ तिथेही तेवढीच आहे. तिच्यावर पडलेला उजेड आपल्या डोळ्यांपर्यंत पोचत नाही, एवढेच.

परळीकडच्या मुलांना आणखी एक धूळ ओळखीची आहे. ती म्हणजे औष्णिक विद्युत केंद्राची राख. वाळत घातलेल्या कपड्यावरून बोट फिरवले, की ती बोटाला लागते. धूळ दिसते तेव्हा माणसे तक्रार करतात, तोंडाला उपरणे बांधतात, दार लावून घेतात.

पण जी धूळ कवडशातही दिसत नाही, जिला वास नाही, जी नाकात गेली तरी शिंक येत नाही, आणि जिचा परिणाम तीस-चाळीस वर्षांनी दिसतो, तिच्याबद्दल तक्रार कोण करणार? आणि केली तरी कोणाकडे? तोवर कारखाना बंद पडलेला असतो, मालक बदललेला असतो, आणि आपण कुठे, कोणते काम केले हे सांगणारा कागदसुद्धा कामगाराजवळ उरलेला नसतो.

ही धूळ ॲस्बेस्टॉसची. ती शरीरात काय करते, आणि तिच्यामुळे आजारी पडलेल्या माणसाला नुकसानभरपाई मिळणे इतके अवघड का, हे आज आपण पाहू.

दगडातून निघणारे सूत

ॲस्बेस्टॉस हा मुळात दगड आहे. काही विशिष्ट खडकांच्या भेगांमध्ये तो तयार होतो. गंमत अशी, की हा दगड फोडला तर त्याचे खडे होत नाहीत, कापसासारखे तंतू सुटतात. ते पिंजता येतात, कातता येतात, त्यांचे कापडही विणता येते. त्याचे मुख्य प्रकार तीन. पांढऱ्याला क्रायसोटाइल म्हणतात. त्यात मॅग्नेशियम, सिलिकॉन, ऑक्सिजन आणि हायड्रोजन ही मूलद्रव्ये असतात. निळ्या आणि तपकिरी प्रकारांत लोहही असते.

हे सूत जळत नाही, कुजत नाही, ओढले तर सहज तुटत नाही. म्हणून कारखानदारी वाढू लागली तसे त्याला मोठे दिवस आले. वाफेच्या नळ्यांना आणि बॉयलरला गुंडाळायला ॲस्बेस्टॉस, मोटारीच्या ब्रेकला ॲस्बेस्टॉस, आगीशी झुंजणाऱ्या जवानाच्या अंगरख्यात ॲस्बेस्टॉस. विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रियातल्या लुडविग हाचेक यांनी सिमेंटमध्ये ॲस्बेस्टॉस घालून पातळ पण भक्कम पत्रे बनवण्याची रीत शोधली. आपल्याकडे मातीच्या गाऱ्यात भुसकट कालवतात, कारण त्यामुळे भिंत तडकत नाही. सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस नेमके तेच काम करते. अशा पत्र्यात साधारण दहावा हिस्सा ॲस्बेस्टॉसचा असतो.

आपल्या गावांत दोन तऱ्हेचे पत्रे दिसतात. लोखंडी पत्रा पातळ असतो, पावसात तडतड वाजतो आणि गंजतो. करड्या रंगाचा, जाड, नागमोडी, पावसात कमी आवाज करणारा तो सिमेंटचा पत्रा. जुना सिमेंटचा पत्रा बहुधा ॲस्बेस्टॉसचा असतो. गोठ्यावर, गोदामावर, शाळेच्या वऱ्हांड्यावर तो तुम्ही पाहिला असेल.

कुसळ आत शिरते

पावसाळा सरला, की बालाघाटाच्या माळावरून फिरून आलेल्याच्या कपड्यांना कुसळे चिकटतात. कुसळाची एक खोड आहे. ते एकाच दिशेने पुढे सरकते. मागे ओढले तर अडते, आणि चालताना कापड हलले की आणखी आत जाते. ॲस्बेस्टॉसचा तंतू म्हणजे असेच एक दगडाचे कुसळ समजा. त्याला कुसळासारखे दाते नसतात, पण एकदा आत गेल्यावर त्याचेही बाहेर येणे कठीण.

आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचा सर्वांत बारीक तंतू सुमारे ०.०३ मायक्रॉनचा असतो. भागाकार करून पाहा: केसाच्या जाडीत असे दोन हजारांहून अधिक तंतू शेजारी-शेजारी मावतील.

साधी धूळ नाकातल्या केसांत आणि श्वासनलिकेच्या चिकट स्रावात अडकते आणि खोकून, शिंकरून बाहेर पडते. पण बारीक तंतू हवेच्या झोताबरोबर सरळ, टोकाच्या दिशेने जातो. वळणांवर आपटत नाही. तो फुप्फुसाच्या अगदी शेवटच्या फुग्यांपर्यंत, म्हणजे वायुकोशांपर्यंत पोचतो.

तिथे शरीराचे राखणदार असतात. त्यांना भक्षक पेशी म्हणतात. जंतू किंवा धुळीचा कण दिसला, की त्या त्याला गिळून टाकतात. अशी पेशी १५ ते २० मायक्रॉनची. तंतू त्याहून लांब असला तर काय होईल? स्वतःपेक्षा लांब काठी गिळू पाहणाऱ्या बेडकासारखी तिची गत होते. अर्धी काठी आत, अर्धी बाहेर. या धडपडीत पेशीतली दाहक रसायने बाहेर सांडतात आणि आसपासच्या भागाला इजा करतात. पेशी मरते, दुसरी येते, तिचेही तेच होते. तंतू दगडाचा असल्याने सहजी विरघळत नाही. ही झटापट वर्षानुवर्षे चालते.

तिचे परिणाम मुख्यतः तीन. पहिला, फुप्फुसात व्रणासारखे कठीण तंतुमय ऊतक साचते. निरोगी फुप्फुस फुग्यासारखे ताणले जाते, व्रणाचे ऊतक ताणले जात नाही. माणसाला आधी चढावर, मग सपाटीवर, शेवटी बसल्याजागी धाप लागते. याला ॲस्बेस्टॉसिस म्हणतात. दुसरा, सततच्या दाहामुळे पेशींमधील डीएनएमध्ये बिघाड साठत जातात आणि फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. तिसरा, फुप्फुसाभोवती कांद्याच्या पापुद्र्यासारखे जे नाजूक आवरण असते, त्या आवरणाचाच कर्करोग होतो. त्याचे नाव मेसोथेलिओमा. हा कर्करोग एरवी फार दुर्मीळ. तो आढळला, की डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारायचा तो हा: ‘तुमचा ॲस्बेस्टॉसशी कधी संबंध आला होता का?’

ॲस्बेस्टॉसच्या सान्निध्यात आलेल्या प्रत्येकाला हे रोग होतात असे नाही. किती धूळ, किती वर्षे, यावर धोका अवलंबून असतो. धूम्रपानाने तो फार वाढतो. अमेरिकेत नळ्यांवर उष्णतारोधक आवरणे बसवणाऱ्या कामगारांचा एक प्रसिद्ध अभ्यास १९७९ मध्ये छापून आला. ना धूम्रपान, ना ॲस्बेस्टॉस, अशा माणसाचा फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका १ धरला, तर फक्त ॲस्बेस्टॉसशी संबंध असलेल्याचा सुमारे ५, फक्त धूम्रपान करणाऱ्याचा सुमारे ११, आणि दोन्ही असलेल्याचा सुमारे ५३ निघाला. पाच आणि अकरा यांची बेरीज सोळा होते, गुणाकार पंचावन्न. म्हणजे हे दोन शत्रू बेरजेने नव्हे, जवळजवळ गुणाकाराने एकत्र येतात. हे गणित लक्षात ठेवा. भरपाई मागणाऱ्या कामगाराला ‘तू तर बिडी ओढत होतास’ असे जेव्हा कोणी सुनावते, तेव्हा ते उपयोगी पडते. बिडी त्याने ओढली असेल, पण म्हणून ॲस्बेस्टॉसचा वाटा पुसला जात नाही.

रॉचडेलची नेली

आता जरा दूर, इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी जाऊ. तिथे टर्नर ब्रदर्स या कंपनीचा ॲस्बेस्टॉसचे सूत कातण्याचा कारखाना होता. नेली केर्शॉ नावाची एक मुलगी १९०३ साली, बाराव्या वर्षी, ॲस्बेस्टॉसच्या कामाला लागली. म्हणजे तुमच्यापैकी अनेकांहून ती लहान होती. पुढे ती टर्नर ब्रदर्सकडे कातकाम करू लागली. तिशी ओलांडेपर्यंत तिला इतकी धाप लागू लागली, की १९२२ मध्ये काम सोडावे लागले. गावच्या डॉक्टरांनी दाखला दिला, की हा आजार ॲस्बेस्टॉसमुळे आहे. तिने भरपाई मागितली. कंपनीने ती नाकारली. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा असा कोणताही आजार तेव्हाच्या भरपाई कायद्याच्या यादीत नव्हता. जो रोग यादीत नाही, तो कायद्याच्या दृष्टीने झालेलाच नाही!

१४ मार्च १९२४ रोजी, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, नेली वारली. डॉ. विल्यम कुक यांनी तिची फुप्फुसे सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. त्यांत त्यांना खनिजाचे कण रुतलेले दिसले. त्याच वर्षी त्यांनी हे वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले, आणि १९२७ मध्ये या रोगाला ‘ॲस्बेस्टॉसिस’ हे नाव वापरले. ब्रिटिश सरकारने चौकशी लावली. १९३० मध्ये मेरेवेदर आणि प्राइस यांचा अहवाल आला. तपासलेल्या ३६३ कामगारांपैकी ९५ जणांच्या फुप्फुसांत रोग आढळला. म्हणजे चारात एकाला. १९३१ मध्ये धुळीवर नियम आले आणि हा रोग भरपाईच्या यादीत शिरला. नेलीला मात्र त्याचा उपयोग नव्हता.

पुढे ज्ञान वाढत गेले. १९५५ मध्ये रिचर्ड डॉल यांनी रॉचडेलच्याच कामगारांची आकडेवारी मांडून दाखवले, की दीर्घकाळ धुळीत काम केलेल्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या सुमारे दहापट आहे. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमाच्या ३३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. बहुतेकांचा संबंध निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या मुलखाशी होता. त्यांतले कित्येक जण खाणीत कधी कामाला गेलेच नव्हते, केवळ त्या परिसरात राहिले होते. आज जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार माणसात कर्करोग घडवणारे मानते. ब्रिटनने १९९९ मध्ये आणि युरोपीय संघाने २००५ पर्यंत त्याच्या वापरावर बंदी आणली. भारतात मात्र पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचा वापर चालू आहे. तो जवळजवळ सगळा परदेशातून आयात होतो.

घाटकोपर

नेलीच्या कंपनीतून पुढे टर्नर अँड न्यूअल हा मोठा उद्योगसमूह उभा राहिला. त्याची एक शाखा आपल्या महाराष्ट्रात होती: मुंबईत घाटकोपरला असलेली हिंदुस्तान फेरोडो, पुढची हिंदुस्तान कंपोझिट्स. तिथे ब्रेकला लागणारे सामान आणि ॲस्बेस्टॉसच्या इतर वस्तू तयार होत.

या कारखान्यातल्या कायम कामगारांची तपासणी डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी केली, आणि तिचा निबंध २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. २३२ कामगारांना त्यांनी विचारले, १८१ जण तपासणीला आले. प्रत्येकाच्या कामाचा इतिहास लिहून घेतला, छाती तपासली, फुंकर मारायला लावून फुप्फुसाची ताकद मोजली, क्ष-किरण चित्र काढले. निष्कर्ष असा, की २२ टक्के कामगारांना ॲस्बेस्टॉसिस होता, आणि त्यांतला प्रत्येक जण वीस वर्षांहून अधिक काळ धुळीत राबलेला होता.

१९३० मध्ये इंग्लंडात चारात एक, आणि पंचाहत्तर वर्षांनी मुंबईत जवळजवळ पाचात एक. रोगाचे नाव ठाऊक होते, कारण ठाऊक होते, उपाय ठाऊक होते. तरी हे घडले.

त्याच निबंधात आणखी एक आकडा आहे. भारतात ॲस्बेस्टॉसशी संबंध आलेले कामगार अंदाजे एक लाख, आणि त्यांपैकी भरपाई मिळालेले तीसपेक्षाही कमी. याची कारणेही लेखकांनी सांगितली आहेत. व्यवसायजन्य रोग ओळखण्याचे शिक्षण डॉक्टरांना पुरेसे मिळत नाही. ॲस्बेस्टॉसिसला जुनाट खोकला किंवा क्षयरोग ठरवले जाते. व्यवस्थापनाच्या पैशाने होणाऱ्या तपासण्यांत कामगाराच्या हातात दाखला दिला जात नाही. दाखला नाही, म्हणून दावा नाही.

भरपाईचे गणित

भरपाई मागायची, तर तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. एक, मला हा रोग आहे. दोन, मी अमुक ठिकाणी, अमुक वर्षे ॲस्बेस्टॉसमध्ये काम केले. तीन, त्या कामामुळेच हा रोग झाला.

आपल्या देशात यासाठी १९२३ पासून कामगार नुकसानभरपाई कायदा होता. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोगांची यादी होती. ॲस्बेस्टॉसिस त्यात होता, तसेच ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमाही होते. ऊसपट्ट्यातल्या वाचकांसाठी सांगतो, बुरशी आलेल्या बगॅसच्या धुळीने होणारा बॅगासोसिसही त्याच यादीत होता. यादीत नाव असण्याचा फायदा मोठा असतो. ॲस्बेस्टॉसच्या कामात सलग सहा महिने राबलेल्या कामगाराला हे कर्करोग झाले, तर ते कामामुळेच झाले असे कायदा धरून चालत असे. तसे नाही, हे सिद्ध करण्याचा भार मालकावर पडे. म्हणजे तिसरी गोष्ट कायदाच मान्य करत होता. नेलीजवळ नेमके हेच नव्हते. भरपाईची रक्कम वय, मजुरी आणि शरीर किती टक्के निकामी झाले यांवरून ठरत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली, आणि जुन्या कायद्याचा हा विषय तिच्यात आला. व्यवसायजन्य रोगांची यादी तिच्याही परिशिष्टात आहे.

पण १९२३ च्या कायद्यात एक अडचण होती. दावा साधारणपणे दोन वर्षांच्या आत करायचा असे. काम सुटल्यावर रोग उघड झाला, तर त्याची लक्षणेही दोन वर्षांच्या आत दिसावीत अशी कायद्याची अपेक्षा होती. सबळ कारण असल्यास उशीर माफ करण्याची मुभा आयुक्तांना होती, हे खरे. तरी विचार करा: कायद्याचे घड्याळ दोन वर्षांचे, आणि रोगाचे घड्याळ तीस-चाळीस वर्षांचे!

हा विषय १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण आणि संशोधन केंद्राने ॲस्बेस्टॉस कामगारांसाठी याचिका दाखल केली होती. २७ जानेवारी १९९५ रोजी निकाल लागला. न्यायालय म्हणाले, की कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच, म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद २१ चा, भाग आहे. गुजरातमधल्या संबंधित कामगारांची अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेकडून फेरतपासणी करावी, आणि ज्यांना रोग असल्याचे ठरेल त्यांना प्रत्येकी एक लाख रुपये द्यावेत, असा आदेश निघाला.

त्याच निकालातला दुसरा आदेश मला तितकाच मोलाचा वाटतो. प्रत्येक ॲस्बेस्टॉस कारखान्याने कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे, किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपून ठेवायची.

हे गणित सोडवून पाहा. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातली अनेक कुटुंबे पोटासाठी मुंबईला गेली. समजा, तुमच्या गावचा अठरा वर्षांचा एक तरुण त्या साली गेला आणि ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात लागला. १९९६ मध्ये त्याने काम सोडले आणि गावी परतला. आरंभापासून ४० वर्षे म्हणजे २०१२. शेवटापासून १५ वर्षे म्हणजे २०११. म्हणून नोंद २०१२ पर्यंत. तोच अठ्ठावन्नाव्या वर्षी, २०१२ मध्ये निवृत्त झाला असता, तर नोंद २०२७ पर्यंत. आता रोगाचे घड्याळ लावा. १९७२ मध्ये तीस-चाळीस मिळवा: २००२ ते २०१२. न्यायालयाने ४० हा आकडा का घेतला, हे आता तुमच्या ध्यानात येईल. वहीने रोगाइतकाच काळ वाट पाहिली पाहिजे.

ज्यांची वहीच नाही

कारखान्यातल्या कायम कामगाराचे निदान हजेरीपत्रक तरी असते. पण पत्रे कापणारा, बसवणारा, जुने पत्रे उतरवणारा गावोगावचा मजूर? आज या छपरावर, उद्या त्या. त्याच्याजवळ ना नेमणुकीचे पत्र, ना पगाराची चिठ्ठी. आपल्या जिल्ह्यातून हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुकादमाने दिलेली उचल त्याच्या वहीत पैसा न् पैसा लिहिलेली असते. श्वासाबरोबर आत किती धूळ गेली, हे मात्र कोणत्याच वहीत नसते. अशा माणसाला साठाव्या वर्षी मेसोथेलिओमा झाला, तर वर सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी दुसरी तो कशी दाखवणार?

घरच्यांचाही विचार हवा. धुळीत काम करणाऱ्याचे कपडे घरी झटकले आणि धुतले जातात. अशा कपड्यांतून उडालेल्या तंतूंमुळे कामगारांच्या पत्नींना आणि मुलांना रोग झाल्याची उदाहरणे जगात अनेक ठिकाणी नोंदली गेली आहेत. त्यांचे नाव तर कोणत्याही हजेरीपत्रकावर नसते.

मग पत्र्याखाली बसायचे की नाही?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असणारच. घाबरून जाऊ नका. अखंड पत्र्यात तंतू सिमेंटने घट्ट धरून ठेवलेले असतात. पत्रा कापला, त्याला भोक पाडले, तो फोडला किंवा जुना होऊन त्याचा भुगा पडू लागला, म्हणजे तंतू सुटतात. म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवा.

सिमेंटच्या पत्र्यावर चढू नका. तो वजनाने फुटतो आणि माणूस खाली पडतो. हा धोका तर आजचाच आहे.

पत्र्याला खिळे ठोकू नका, तो करवतीने कापू नका, दगड मारून फोडू नका. फुटक्या तुकड्यांशी खेळू नका, त्यांनी जमिनीवर घरे आखू नका. तुकडे कुटून वाटेवर पसरणेही वाईट.

पत्रा फुटलाच, तर कोरडा झाडू मारू नका. ही मुलांची कामे नव्हेत. मोठ्यांनी आधी पाणी शिंपडून भुगा ओला करावा, ओल्या फडक्याने टिपावा, तुकडे जाड पिशवीत बांधून वेगळे ठेवावेत. तोंडाला बांधलेला रुमाल हे तंतू अडवू शकत नाही.

शाळेचे छप्पर बदलायचे असेल, तर ते काम सुट्टीत, मुले नसताना, पत्रे ओले करून आणि न तोडता अखंड उतरवून करावे, एवढे शिक्षकांनी ठेकेदाराला आधीच सांगून ठेवावे.

करून पाहा: कामाची वही

शेवटी तुम्हाला एक काम देतो. त्याला ना परीक्षानळी लागते, ना सूक्ष्मदर्शक. एक वही आणि पेन्सिल पुरे.

आपल्या आजोबा-आजींजवळ, काका-मामांजवळ बसा आणि त्यांच्या कामाचा इतिहास लिहून घ्या. पहिले काम कोणत्या साली, कोणत्या गावी? कोणाकडे? हातात काय यायचे: दगड, कापूस, पत्रा, ऊस, कोळसा? धूळ उडायची का? किती तास, किती वर्षे? सोबत कोण होते? सोबत्यांची नावे जरूर लिहा. कागद नसेल तेव्हा साक्षीदार कामी येतो. जुना ओळखपत्राचा तुकडा, पगाराची चिठ्ठी, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, राज्य विमा योजनेचे कार्ड, जुने क्ष-किरण चित्र असे काही पेटीत असेल, तर ते एका पिशवीत घालून ठेवा. फेकू देऊ नका. वहीत आजची तारीख घाला आणि खाली त्यांची सही किंवा अंगठा घ्या.

घरात कोणाला बरेच दिवस धाप लागत असेल, आणि पूर्वी धुळीत काम केलेले असेल, तर डॉक्टरांकडे ही वही घेऊन जायला सांगा. ‘मी अमुक वर्षे पत्र्याच्या कारखान्यात होतो’ हे एक वाक्य डॉक्टरांच्या कानावर पडले, तर क्षयाच्या तपासणीबरोबर दुसरीही तपासणी होईल, आणि त्यांच्या कागदावर कामाची नोंद होईल. भरपाईची वाट तिथून सुरू होते.

डॉ. कुक यांनी नेलीची फुप्फुसे तपासून जे दिसले ते लिहून ठेवले, म्हणून पुढच्या कामगारांच्या रोगाला नाव मिळाले आणि कायद्यात जागा मिळाली. दगडाचे कुसळ चाळीस वर्षे गप्प बसते. तितकीच वर्षे टिकेल अशी नोंद आपल्या घरी असली पाहिजे. ती लिहायला आज संध्याकाळीच बसा. आजोबांना आठवते आहे तोवर.